तक्ता त्यालाच बनवू द्या

प्रश्न: एका आईचं पत्र आलंय. त्या बरीच वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहेत, मुलगा साडेपाचचा आणि मुलगी आठ वर्षांची. ओळखीतली मुलं ऑनलाइन कोडिंग क्लासला जायला लागली तेव्हा त्यांनी ठरवलं की निदान अल्गोरिदम म्हणजे काय, पायरीपायरीने सूचना म्हणजे काय, हे आपण घरीच शिकवू. म्हणून सकाळी उठल्यापासून दप्तर पाठीला लावेपर्यंतच्या अकरा पायऱ्यांचा चित्रांचा तक्ता केला, लॅमिनेट करून भिंतीवर लावला. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवसापासून मुलगा चौथ्या पायरीवरून थेट नवव्या पायरीवर उडी मारायला लागला, आई ओरडली, आणि त्याने तक्ता भिंतीवरून ओढून पलंगाखाली सारला आणि म्हणाला, 'मी काय मशीन आहे का?' नवऱ्याचं म्हणणं की एवढ्या लहान वयात हे कशाला, खेळू दे त्याला. त्या विचारतात, 'ताई, मी स्वतः प्रोग्रॅमर असून मला माझ्या मुलाला एवढी साधी गोष्ट शिकवता येत नाही याचं वाईट वाटतं. क्लास लावू का, की थांबू? तो मागे तर पडणार नाही ना?'

उत्तर:

तुमचं पत्र वाचताना मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती मुलाच्या त्या वाक्यापाशी. तुम्ही ते रागाचं वाक्य म्हणून लिहिलंय, पण मला विचाराल तर या सगळ्यात मुद्द्याचं बोलला तो तोच. कारण बघा ना, त्या तक्त्यातल्या पायऱ्या कुणी ठरवल्या, तुम्ही. आधी काय आणि नंतर काय हे कुणी लावलं, तुम्ही. कुठली गोष्ट गाळायची, कुठली दोन चित्रांत तोडायची हा सगळा विचार तुम्ही बसून केलात, म्हणजे अल्गोरिदम बनवायची सगळी मजा तुम्हाला मिळाली आणि त्याच्या वाट्याला उरलं फक्त पाळणं. पाळायचं काम मशीनचं असतं. त्याने ते बरोबर ओळखलं, त्याला शब्दही अचूक सापडला, आणि तुम्हाला वाटतंय की त्याला समजत नाही!

सकाळचा तक्ता वाईट असतो असं मी म्हणत नाहीये, बऱ्याच मुलांना त्याने शिस्त लागायला मदत होते, सकाळची आरडाओरड कमी होते. पण ती शिस्त झाली. सूचना पाळता येणं आणि सूचना तयार करता येणं यात खूप अंतर आहे, आणि तुम्हाला जे शिकवायचं होतं ते दुसरं. तेव्हा पहिलं काम एवढंच की जागा बदला. सूचना तो देईल, पाळाल तुम्ही.

हे किती वेगळं पडतं ते सांगते. मी लहान मुलांबरोबर खेळ घेते, त्यात एक खेळ असा की मूल माझ्याकडे पाठ करून बसतं आणि मला चित्र काढायला सांगतं, मी फळ्यावर फक्त ते जे बोलेल तेच काढते. एका मुलीला घर काढून घ्यायचं होतं, असेल सहाएक वर्षांची. म्हणाली, 'चौकोन काढ.' मी कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढा चौकोन काढला. 'आता त्याच्यावर त्रिकोण काढ.' मी चौकोनावरच त्रिकोण काढला, म्हणजे बरोबर त्याच्या पोटात. वळून बघितलं तिने आणि आधी हसली, मग वैतागली, 'अगं असं वर नाही, वर म्हणजे डोक्यावर!' मी म्हटलं, चौकोनाला डोकं कुठे असतं गं? आणि इथे ती गप्प झाली. चांगली मिनिटभर गप्प. मग म्हणाली, 'पूस. मोठा चौकोन काढ, फळ्याच्या मध्ये. आता त्याची जी वरची रेघ आहे ना, त्या रेघेवर बसलेला त्रिकोण काढ.' तरी माझा त्रिकोण जरा बारकाच आला, तर तिने चौथं वाक्य जोडलं की 'त्रिकोणाची खालची रेघ चौकोनाच्या रेघेएवढी.' कुणी तिला व्याख्या सांगितली नव्हती. आपल्या 'वर' या साध्या शब्दाचे दोन अर्थ होतात, माणसाला त्यातला बरोबर तो कळतो आणि नुसतं बोललेलंच करणाऱ्याला कळत नाही, हे तिला त्या एका मिनिटात स्वतःहून सापडलं.

ते गप्प बसलेलं मिनिट फार महत्त्वाचं आहे. त्या मिनिटात आपण बोलायचं नाही. मला माहितीये, जीभ शिवशिवते, 'अगं असं म्हण ना' असं तोंडावर येतं, पण ते आपण म्हटलं की विचार पुन्हा आपल्याकडे आला.

आता तुमच्या मनातली दुसरी गोष्ट, की हे सगळं कॉम्प्युटरशी, कोडिंगशी, स्क्रीनशी बांधलेलं आहे. तुम्ही रोज त्यातच असता म्हणून तसं वाटणं साहजिक आहे. पण अल्गोरिदम हा शब्द आला अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या नावावरून, नवव्या शतकात बगदादला काम करायचा तो. भारतीय अंकांनी हिशोब कसे करायचे हे त्याने लिहिलं, ते पुढे लॅटिनमध्ये गेलं आणि त्याचं नावच त्या हिशोबाच्या रीतीला चिकटलं. म्हणजे तुमची आठ वर्षांची लेक वहीत एककापासून सुरुवात करून 'हातचा एक' म्हणत बेरीज करते ना, अल्गोरिदमचा जुना, मूळचा अर्थ तोच आहे. ती तर कधीपासून करतेय! तिला एकदा विचारून बघा की हातचा का घ्यायचा आणि डावीकडून सुरुवात केली तर काय होईल, आणि तिला करून बघू द्या, तुमच्याच घरात केवढा मोठा विषय निघेल बघा.

साडेपाचच्या मुलासाठी मी रोबोटच्या खेळापासून सुरुवात करेन. एक टोपी ठरवा, कुठलीही. टोपी डोक्यावर असली की तुम्ही रोबोट, काढली की आई. हा नियम मी मुद्दाम सांगतेय, कारण काही मुलांना या खेळात खरंच रडू येतं. त्यांना वाटतं आई मुद्दाम आपलं ऐकत नाहीये, आपली चेष्टा करतेय. 'तुला कळतंय ना मला काय म्हणायचंय!' असं मूल चिडून म्हणालं की टोपी काढायची, जवळ घ्यायचं आणि खरं तेच सांगायचं, की हो राजा, मला कळतंय, आई आहे मी, पण रोबोटला कळत नाही, त्याला जे सांगू तेवढंच कळतं. माणूस आणि मशीन यातला फरक एवढ्या लहानपणी एवढ्या सरळ शब्दांत कळणं ही काय छोटी गोष्ट आहे का? आणि त्या दिवशी मूड नसेल तर तिथेच खेळ बंद. उद्या बघू.

कामं अगदी लहान घ्या. खोलीच्या दारापासून खिडकीपर्यंत चालवणं, बूट घालून घेणं, कागदाची होडी करून घेणं (होडी जरा अवघड आहे, घडीचं वर्णन करताना मोठी माणसंही अडखळतात, ती नंतर). चालवताना 'पुढे जा' म्हणाला की तुम्ही जातच राहायचं, भिंतीला नाक लागेपर्यंत, मग तो म्हणेल तीन पावलं जा, मग तुम्ही एवढीएवढीशी पावलं टाकायची, मग त्याला पाऊल किती मोठं हे सांगायची गरज कळेल. डावं-उजवं मात्र सुरुवातीला त्याला तुमच्या पाठीमागे उभं करून खेळा. समोर उभा राहिला की तुमचं उजवं ते त्याचं डावं होतं आणि एवढ्या लहान मुलाचा गोंधळ उडतो. नंतर मुद्दाम समोर उभं करा, तोही एक छान प्रश्न आहे, आणि तेव्हा बघा, मुलं काय करतात, उठून तुमचं तोंड जिकडे तिकडेच तोंड करून उभी राहतात, अंगाने वळून बघतात आणि मग सांगतात. सेमूर पॅपर्ट हा गणितज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा केली आणि पुढे तिला एक कासव जोडलं, म्हणजे दिलेल्या सूचनांप्रमाणे फिरून रेघ काढणारं, त्यामागे नेमका हाच विचार होता की मूल स्वतःला कासवाच्या जागी ठेवून विचार करेल. पुढे १००, उजवीकडे ९०, असं चार वेळा केलं की चौकोन. घरात लोगो नको, फरशीवर चालूनही चौकोन होतो, आणि 'अरे मी तेच तेच चार वेळा सांगतोय' हे ज्या दिवशी त्याच्या लक्षात येईल त्या दिवशी त्याला 'चार वेळा' हा शब्द कामाचा वाटेल.

बुटांचा खेळ मला सगळ्यात आवडतो कारण त्यात क्रमाची खरी गंमत आहे. आधी बूट मग मोजा म्हटलं की रोबोट बुटावरून मोजा ओढायला लागतो आणि मुलं लोळून हसतात. पण डावा बूट आधी की उजवा? काहीच फरक पडत नाही! कुठे क्रम चुकला तर सगळं बिघडतं आणि कुठे कसाही चालतो, हे वेगळं काढता येणं ही खरी समज आहे. आता तुमच्या तक्त्याकडे बघा. चौथ्यावरून नवव्यावर उडी मारली म्हणजे चुकलंच का? कदाचित पाच ते आठ पायऱ्या नंतर केल्या तरी चालण्यासारख्या असतील आणि त्याला ते दिसलं असेल. मला तक्ता माहीत नाही, पण ओरडायच्या आधी 'हे आधी केलं तर काय बिघडेल रे?' एवढं विचारून बघायला हवं होतं असं मला वाटतं. आणि अकरा पायऱ्या जास्तच आहेत हो. शिवाय आपल्याला जी एक पायरी वाटते ती मुलाला दहा वाटतात, 'दप्तर भर' यात काय काय आलं बघा, तुमच्या भाषेत सांगायचं तर ते अख्खं फंक्शन आहे, म्हणजे एका नावाखाली बांधलेल्या कितीतरी सूचना, आणि त्याच्या आतलं अजून कुणी लिहिलेलंच नाहीये.

अटी शिकवायला तर काहीच आणावं लागत नाही, आपल्या बोलण्यातच सगळं आहे. जर-तर आहे, जोवर-तोवर आहे. 'जोवर तू गोष्ट सांगत नाहीस तोवर मी झोपणार नाही' हे मूल रोज रात्री म्हणतंच, आणि हे म्हणजे अट असलेलं लूपच की, अट पुरी होईपर्यंत तेच चालू ठेवायचं! फक्त ते पकडायचं आणि खेळात आणायचं. 'जर लाल ठोकळा आला तर डब्यात टाक, नाहीतर बाजूला ठेव, जोवर ठोकळे संपत नाहीत तोवर.' हे वाक्य साडेपाचचं मूल आरामात म्हणू शकतं, त्याला नाव द्यायची गरज नाही, नाव पुढे कधीतरी मिळेल.

आणि मग चूक. मला वाटतं तुम्ही त्याला सगळ्यात मोठी गोष्ट काय देऊ शकता तर ही, आणि ती तुम्हीच देऊ शकता, क्लासमधल्या माणसाला कदाचित नाही जमणार. रोबोट चुकीच्या जागी पोचला की मुलं दोन गोष्टी करतात, एक तर सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करतात, नाहीतर 'मला येत नाही' म्हणून उठतात. तिथे विचारायचं, 'कुठपर्यंत बरोबर होतं?' सूचना कागदावर बाण काढून लिहिल्या असतील तर एकेका बाणावर बोट ठेवत पुन्हा चालायचं आणि जिथे बिघडलं तेवढाच बाण बदलायचा. चुकला बाण, मूल चुकलेलं नाही, हे बोलून दाखवायला लागत नाही, बोट बाणावर असलं की ते आपोआप कळतं. मुलांना किड्याची गोष्टही सांगा, १९४७ मध्ये हार्वर्डच्या मार्क टू या भल्यामोठ्या कॉम्प्युटरमध्ये खरोखरचा पतंग अडकलेला सापडला आणि तिथल्या लोकांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवून ठेवला. बिघाडाला बग, म्हणजे किडा, हा शब्द इंजिनिअर त्याच्याही आधीपासून वापरायचे, पण बग शोधायचा म्हणजे किडा शोधायचा हे पोरांना भयंकर आवडतं, 'किडा कुठाय किडा कुठाय' करत ती स्वतःच्याच सूचना तपासतात.

तुम्ही लिहिलंय प्रोग्रॅमर असून शिकवता येत नाही. अहो, तुमचा किती कोड पहिल्या फटक्यात चालतो? घरी कोणी बघतं का तुम्हाला अडकलेलं? मुलाला आईचं फक्त झालेलं काम दिसतं, सुंदर लॅमिनेट केलेलं. एखाद्या दिवशी त्याला मांडीवर घेऊन सांगा की आज माझं हे चालत नव्हतं, दोन तास शोधलं तेव्हा एक अक्षर चुकलेलं सापडलं. ते त्याच्या लक्षात राहील, तक्त्यापेक्षा नक्कीच जास्त.

आता क्लासचं. तुमचे मिस्टर म्हणतात वय लहान आहे, त्यात अर्धं खरं आहे. स्क्रीनसमोर बसून टाइप करायला आणि वाचायला वय लहान आहेच. पण क्रमाने विचार करायला लहान नाहीये, इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०१४ पासून पाच ते सात वर्षांच्या मुलांच्या अभ्यासक्रमातच अल्गोरिदम म्हणजे काय हे आहे, आणि न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातून निघालेला कॉम्प्युटर सायन्स अनप्लग्ड हा उपक्रम तर कित्येक वर्षं कॉम्प्युटर न वापरता कार्ड, दोरी, खडू यांनी हेच शिकवतोय. मिस्टर 'खेळू दे' म्हणतात आणि तुम्ही 'शिकू दे' म्हणता, पण हे दोन्ही एकाच खेळात बसतं, भांडायचं कारणच नाही.

क्लास लावायचाच असेल तर एक तास स्वतः शेजारी बसून बघा. मुलाचं काही चुकलं की शिक्षक काय करतात तेवढंच बघायचं. स्वतः माउस हातात घेऊन दुरुस्त करून देत असतील, किंवा सगळ्या मुलांकडून शेवटी एकसारखंच चित्र तयार होत असेल, तर तो तुमचा तक्ताच आहे, फक्त स्क्रीनवरचा, आणि तुमचं लेकरू त्यालाही पलंगाखाली सारेल. 'तुला काय वाटतं, का झालं असं?' असं विचारून थांबत असतील तर खुशाल लावा. सर्टिफिकेट किती आणि ॲप किती बनवले याकडे या वयात बघू नका. आणि क्लास नको पण त्याला स्क्रीनवर हलणारं काहीतरी करायचंय असं तोच म्हणाला तर स्क्रॅच ज्युनियर नावाचं ॲप आहे, पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठीच २०१४ मध्ये आलं, फुकट आहे, सूचना चित्रांच्या ठोकळ्यांत आहेत त्यामुळे वाचता आलं नाही तरी चालतं. शेजारी बसा मात्र, पहिले काही दिवस तरी.

मागे पडण्याचं म्हणाल तर साडेपाचव्या वर्षी कुठल्या ॲपमध्ये काय दाबायचं हे ज्याला येतं तो पुढे गेलाय असं मी अजिबात मानत नाही, ते ॲप दोन वर्षांत बदलेल. स्वतःची सूचना कुठे फसली हे शांतपणे शोधणारं मूल कुठेही मागे पडत नाही, ते कधी सुरू करतं याने फार फरक पडलेला मी पाहिलेला नाही.

लेकीला यात विसरू नका, तिच्यासाठी खेळ थोडा वरचा हवा. १ ते १०० मधला आकडा मनात धरा, तिने विचारायचं, तुम्ही फक्त 'जास्त', 'कमी' किंवा 'बरोबर' एवढंच सांगायचं. आधी ती अंदाजपंचे मारेल. काही दिवसांनी तिला मधला आकडा विचारायची युक्ती सापडली की सात प्रश्नांत कुठलाही आकडा सापडतोच, हे तिलाच मोजू द्या. किंवा पुस्तकं उंचीने लावायला द्या, अट एवढीच की एका वेळी दोनच पुस्तकं शेजारी धरून बघायची. सगळ्यात बुटकं आधी शोधून बाजूला काढणारी मुलं असतात, शेजारशेजारची अदलाबदल करत जाणारी असतात, दोन्ही बरोबर, फक्त कुणाला किती वेळा तुलना करावी लागली हे मोजायचं. सगळ्यात बुटकं शोधत गेलं तर सहा पुस्तकांना पंधरा तुलना लागतात. कमी करता येतील का, हा प्रश्न तिच्यासमोर ठेवून तुम्ही उठून जा.

फक्त एक, घरातली प्रत्येक गोष्ट धडा करू नका. आंघोळ अल्गोरिदम, झोप अल्गोरिदम असं सुरू झालं की मुलं पळतात. आठवड्यातून दोनतीनदा, दहापंधरा मिनिटं, तोच मागायला लागला तर जास्त.

पलंगाखालचा तो तक्ता बाहेर काढा, अकरा चित्रं कापून सुटी करा आणि त्याच्यासमोर जमिनीवर पसरा. सांगा की हे मी केलं होतं पण ते मी तुझ्यासाठी केलं, तुला विचारलं नाही. आता तू लाव, नको ते काढून टाक, हवं ते चित्र नवीन काढ. तो कदाचित चारच ठेवेल. ठेवू दे. आणि त्याने लावलेल्या क्रमाने दुसऱ्या दिवशी सकाळी आधी बाबांना तयार होऊ द्या, टोपी घालून, तो म्हणेल तस्सं. फक्त सुरू करायच्या आधी 'थांब' ही सूचना सगळ्यांनी मिळून ठरवून घ्या, नाहीतर पहिल्याच 'पुढे जा'ला बाबा भिंतीपाशी अडकतील आणि दोन्ही पोरं हसत बसतील, ऑफिसला उशीर होईल.